भाड्याच्या शेडमधील कोबा आणि उचलून नेता येणाऱ्या टाइल : दीड वर्षाच्या वापरानंतर

कुपवाड एमआयडीसीमधील आमची शेड 30 फूट रुंद आणि 40 फूट लांब, म्हणजे 1200 चौरस फुटांची असून तिचे मासिक भाडे 17,000 रुपये आहे. शेडमध्ये धातू कापण्याची आणि भोके पाडण्याची यंत्रे (दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल) आणि जुळणीचे लांब टेबल आहे. साखर कारखान्यांचे सुटे भाग, हळद पॉलिश करण्याच्या ड्रमचे शाफ्ट आणि पंपांची किरकोळ दुरुस्ती असे जॉबवर्क आम्ही करतो. या जागेच्या तळावर दीड वर्षापूर्वी दोन गोष्टींसाठी पैसे घातले. एक म्हणजे कोबा कडक करणारे सिलिकेटचे रसायन, ते लावून देण्याच्या सेवेसह, आणि दुसरी म्हणजे एकमेकींत अडकणाऱ्या पीव्हीसीच्या टाइल. इपॉक्सी (राळेचा रंगासारखा थर) आणि ट्रीमिक्स (पाणी शोषून घोटलेले नवे काँक्रीट) या दोन गोष्टी दरपत्रक मागवूनही घेतल्या नाहीत. न घेतलेल्या वस्तूंविषयी लिहिणे थोडे विचित्र दिसेल, परंतु त्या का घेतल्या नाहीत हे सांगितल्याशिवाय घेतलेल्या वस्तूंचे मोल कळणार नाही.

आधी तळाची मूळ अवस्था सांगतो. शेड बांधताना मुरमाचा भराव, त्यावर दगडाचे सोलिंग, त्यावर काँक्रीट आणि शेवटी सिमेंट घोटून केलेला कोबा, असे नेहमीचेच काम झालेले होते. वरून तो गुळगुळीत दिसे, पण खिशातील किल्लीने ओरखडा ओढला की पिठासारखी पांढरी भुकटी निघे. सकाळी झाडून काढलेल्या जागेवर दुपारी पुन्हा तीच भुकटी असे, आणि लेथच्या तेलकट बेडवर, म्हणजे तळाच्या पट्ट्यांवर, बसून तिचा राखाडी लेप तयार होई. लेथवर काम करणाऱ्याला या लेपाचा अर्थ सांगावा लागत नाही, कारण सिमेंटमिश्रित वाळूची बारीक पूड आणि तेल एकत्र आले की ती घासण्याची पेस्टच होते आणि हत्यार धरून बेडवर सरकणारी कॅरेज प्रत्येक फेरीला बेड थोडा थोडा खात राहते. मायक्रोमीटरची टोके दर वेळी कागदाने पुसल्याशिवाय मापावर विश्वास ठेवता येत नसे.

असा कोबा भुगा का सोडतो, याचे उत्तर बहुतेक वेळा बांधकामाच्या पहिल्या आठवड्यात असते. माल पातळ ठेवला की घोटायला सोपे जाते, पण जास्तीचे पाणी वर येताना बारीक गाळ आणि सिमेंट सोबत आणते. गवंडी त्या ओल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटतो, आणि पुढे सात दिवस पाणी धरून ठेवायचे ते दोन दिवसांत बंद होते. वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर त्यामुळे कायमचा कच्चा राहतो. याशिवाय आमच्या शेडच्या भरावाखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे शटरपासून दुसऱ्या लेथच्या शेपटाकडे (मागच्या टोकाकडे) जाणारी एक तिरकी भेग दर वर्षी उघडते आणि मिटते. पहिला करार अकरा महिन्यांचाच असल्याने आम्ही एक पूर्ण पावसाळा काहीही खर्च न करता फक्त पाहत राहिलो, आणि ते फार उपयोगी ठरले. ओल कोठून येते, भेग किती रुंदावते, पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते, हे उन्हाळ्यात जागा पाहून कोणालाही सांगता येत नाही.

ही सावधगिरी माझ्यापाशी उपजत नव्हती, ती 62,000 रुपये देऊन आलेली आहे. आमची आधीची शेड सांगलीत नदीकडच्या सखल भागात होती. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेथील धोका पातळी 45 फूट आहे, तेव्हा आमच्या जागेचे काय झाले असेल हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. गाळ काढला, मोटारी पुन्हा गुंडाळून घेतल्या आणि आता सगळे नव्याने आणि नीटनेटके करू, या भरात जानेवारी 2020 मध्ये भाड्याच्या त्या जागेत इपॉक्सी करून घेतली. काम करणाऱ्या ठेकेदाराने ओल तपासली नाही आणि मीही विचारले नाही. वरून कोबा कोरडा खडखडीत दिसत होता, परंतु पुराचे पाणी प्यायलेली खालची जमीन अजून ओलीच होती. पावसाळा लागताच रंगाखाली रुपयाच्या नाण्याएवढे फोड उठू लागले. त्यातील एक फोड मी सुरीच्या टोकाने फोडला, तेव्हा आतून चिकट, पिवळसर पाणी आले आणि खालचा कोबा बोटाला ओला लागला. ठेकेदाराचे म्हणणे असे की जमीन मालकाची आहे, मालकाचे म्हणणे असे की रंग भाडेकरूचा आहे, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला आणि आम्ही ती जागा सोडली. इपॉक्सी अर्थातच तिथेच राहिली.

ओल तपासण्याची साधी पद्धत येथेच सांगून ठेवतो. साधारण 45 सेंटिमीटर चौरस असा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करावा आणि किमान 16 तास, शक्यतो पूर्ण दिवस-रात्र, तसाच ठेवावा. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूस दव धरलेले असेल किंवा कोब्याचा रंग काळपट झालेला असेल, तर त्या जागेवर इपॉक्सी करू नये. दहा-वीस रुपयांची ही चाचणी तीन-चार ठिकाणी, आणि पावसाळा संपताना करावी. कुपवाडच्या शेडमध्ये मागच्या भिंतीलगतच्या तुकड्याखाली दव आले, मधल्या दोन तुकड्यांखाली आले नाही.

आता कराराकडे वळतो, कारण भाड्याच्या जागेत फरशीचा प्रश्न निम्मा बांधकामाचा आणि निम्मा कागदाचा असतो. एमआयडीसीचा भूखंड मूळ धारकाला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेला असतो आणि त्याने तो दुसऱ्याला वापरायला देण्यासाठी एमआयडीसीची परवानगी लागते. ती परवानगी आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तळात एक रुपयाही घालू नये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये भाडेपट्टेदाराला, ताबा असेपर्यंत, जमिनीला जोडलेल्या आपल्या वस्तू काढून नेण्याची मुभा आहे, मात्र जागा मिळाली होती त्या स्थितीत परत करण्याची अट तिला जोडलेली आहे. ही मुभा भाडेपट्ट्यासाठी आहे, आणि लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे आपल्या करारात काय लिहिले आहे तेच शेवटी उपयोगी पडते. शिवाय कायद्याने मुभा दिली म्हणून इपॉक्सी खरवडून पोत्यात भरून नेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आमचा अकरा महिन्यांचा करार संपत आला, तेव्हा मालकांना मी 36 महिन्यांचा करार मागितला आणि त्यातील पहिले 24 महिने कोणीही जागा सोडायची किंवा सोडवायची नाही, असे कलम घालून घेतले. मालक वयाने मोठे आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांचे उत्तर सरळ होते: ‘‘तुम्हाला वर काय टाकायचं ते टाका, पण जाताना माझा कोबा मला दिसला पाहिजे.’’ हे वाक्य त्यांनी नकारासाठी उच्चारले होते, पण माझा निम्मा निर्णय तेथेच झाला.

उरलेला निर्णय आकड्यांनी केला. दोन मिलिमीटर जाडीच्या, स्वतः सपाट होणाऱ्या इपॉक्सीचे दरपत्रक चौरस फुटाला 85 रुपये, म्हणजे पूर्ण शेडसाठी 1,02,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटीसह 1,20,360 रुपये आले. भेगांची दुरुस्ती त्यात नव्हती. चार इंचांच्या ट्रीमिक्सचा दर 68 रुपये, म्हणजे करासह 96,288 रुपये होता. सिलिकेटचे रसायन लावण्याचा दर 16 रुपये, म्हणजे करासह 22,656 रुपये होता. जागेवर आपला हक्क पक्का किती काळ आहे, तर 24 महिने. इपॉक्सीचा खर्च या 24 महिन्यांवर वाटला की महिन्याला 5,015 रुपये पडतात, म्हणजेच 17,000 रुपयांची जागा आपण स्वतःच्या हाताने 22,000 रुपयांची करून घेतो. मालकाने अशी भाडेवाढ मागितली असती तर आम्ही दुसऱ्याच दिवशी दुसरी शेड पाहायला निघालो असतो. फरशी दहा वर्षे टिकेल, असे विकणारा सांगतो आणि ते खरेही असू शकते, परंतु भाडेकरूच्या हिशेबात फरशीचे आयुष्य तिच्या जाडीवर ठरत नाही, करारातील बांधील मुदतीवर ठरते.

ट्रीमिक्सविषयी मला आदर आहे. ओतलेल्या काँक्रीटवर चटया अंथरून पंपाने जास्तीचे पाणी शोषून घेतात आणि मग यंत्राने घोटतात, त्यामुळे वरचा थर आपल्या जुन्या कोब्यासारखा कच्चा राहत नाही. वर पृष्ठभाग कडक करणारा हार्डनर टाकून घेतला तर जड कामालाही तळ पुरतो. स्वतःची शेड असती तर मी दुसरे काहीही केले नसते. पण जुन्या कोब्यावर चार इंच चढवले की शटरची उंची चार इंचांनी घटते, सगळी यंत्रे हायड्रा क्रेनने बाहेर काढावी लागतात, काँक्रीट पक्व होईपर्यंत ती उघड्यावर किंवा दुसऱ्याच्या शेडमध्ये ठेवावी लागतात, आणि परत आणल्यावर प्रत्येक यंत्राची लेव्हल नव्याने करावी लागते. कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की दुरुस्तीची कामे आमच्याकडे येतात आणि त्या चार-पाच महिन्यांत एक आठवडाही बंद ठेवणे परवडत नाही. हा खर्च कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

म्हणून हंगाम चालू असताना, म्हणजे आमच्या मंदीच्या काळात, दिवाळीच्या सुट्टीत काम उरकले. आधी भेगा. त्या इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात कापून, आतील धूळ ब्लोअरने काढून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरून घेतल्या. यासाठी 9,500 रुपये लागले आणि निम्मी रक्कम काकांनी पुढच्या भाड्यातून वळती करून दिली, कारण भेग हे जागेचे दुखणे आहे, भाडेकरूचे नव्हे, हे त्यांनाही पटले.

त्यानंतर रसायन. हे बाजारात डेन्सिफायर या नावाने मिळते आणि त्यात सोडियम किंवा लिथियम सिलिकेट असते. सिमेंट घट्ट होताना त्यात मोकळा चुना शिल्लक राहतो. सिलिकेट त्या चुन्याशी संयोग पावून कोब्याच्या सूक्ष्म छिद्रांत कठीण संयुग तयार करते, त्यामुळे हा रंगासारखा वर बसणारा थर नसतो आणि त्याचे पापुद्रे निघण्याचा प्रश्न येत नाही. ओल खालून आली तरी ती अडत नाही, वाटेने निघून जाते. मागच्या भिंतीजवळ दव दाखवणाऱ्या आमच्या कोब्याला हेच मानवणारे होते. मात्र तेल प्यायलेल्या जागी रसायन आत शिरत नाही. आमच्या लेथसमोरचा तेलकट पट्टा दोन वेळा तेल काढणाऱ्या डीग्रीझरने धुतला, यंत्राने घासला, आणि पाण्याचे चार थेंब टाकून ते शोषले जातात का, हे पाहूनच पुढे काम केले. पाणी मोत्यासारखे वरच राहत असेल तर रसायनही वरच राहणार, हे ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

सेवेविषयी मत बहुतांशी चांगले आहे. तीन माणसांचे पथक ठरल्या दिवशी आले, घासणीचे यंत्र त्यांचेच होते, आणि दोन दिवसांत काम झाले. रसायन अर्धा तास ओले ठेवून उरलेले पाण्याने धुऊन काढायचे असते. शटरजवळच्या भागात संध्याकाळच्या घाईत ते नीट धुतले गेले नाही, तेथे पांढरे डाग वाळून बसले आणि ते काढायला पथकाला पुन्हा यावे लागले. ते आले आणि वेगळे पैसे मागितले नाहीत. दीड वर्षानंतर आजही किल्लीने ओरखडा ओढला की भुकटी येत नाही, फक्त धातूची करडी रेघ उमटते. लेथच्या बेडवरील राखाडी लेप बंद झाला. जेथे मूळ कोबाच वाळूसारखा सुटा होता, अशा तीन-चार हातभर जागा मात्र रसायनालाही दाद देत नाहीत आणि तेथे पुन्हा भुगा सुटू लागला आहे. रसायन कच्च्याला पक्के करते, मेलेल्याला जिवंत करत नाही.

टाइलची गरज वेगळ्या कारणाने होती. जुळणीच्या टेबलापाशी आणि मिलिंगसमोर दिवसाचे आठ-नऊ तास माणसे उभी असतात, आणि संध्याकाळी टाचा आणि पोटऱ्या दुखत असल्याची तक्रार नेहमीची होती. सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला आणि नंतर कोल्हापूर रस्त्यावर चौकशी केली. पाच मिलिमीटरच्या आणि सात मिलिमीटरच्या अशा दोन जाडीच्या टाइल मिळत होत्या. दुकानदाराकडून प्रत्येकी एक नमुना विकत घेतला आणि आठ दिवस त्यांचे हाल केले: एक कोपरा कूलंटमध्ये (धातू कापताना सोडायच्या थंड करणाऱ्या द्रवात) बुडवून ठेवला, एका कोपऱ्यावर लेथमधून निघालेली तापलेली निळी चिप (धातूचा कीस) टाकली, आणि एकावर शाफ्ट ठेवून हाताने ओढला. पाच मिलिमीटरच्या टाइलला पुनर्वापरातील प्लास्टिकचा उग्र वास होता आणि तिची अडकणारी दाती हाताने ओढल्यावर सुटली. सात मिलिमीटरची टाइल 50 सेंटिमीटर चौरस आणि सव्वादोन किलोंहून जड होती, तिची दाती बसवायला रबरी हातोडा लागला आणि काढायला दोन माणसे लागली. चौरस फुटाला 95 रुपये दराने 130 टाइल, म्हणजे 350 चौरस फूट माल घेतला. करासह 39,235 रुपये झाले, वाहतूक आणि हमाली 1,800 रुपये. त्यांपैकी 120 टाइल 10 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद पट्ट्यात बसवल्या आणि दहा जादा ठेवल्या. संपूर्ण शेड झाकायची नाही, हे मनाशी आधीच पक्के होते.

पायांचा त्रास कमी झाला, हे पहिल्या पंधरवड्यातच दिसले. टेबलावरून निसटलेला एचएसएस (कठीण पोलादी) टूल किंवा व्हर्निअर खाली पडला तरी आता काळजाचा ठोका चुकत नाही. आवाजही कमी झाला आहे. हिवाळ्यात सकाळी कोबा थंडगार असतो, तेव्हा पट्ट्यावर उभे राहण्यासाठी कामगारांची चढाओढ असते.

आता दोष. पहिला दोष माझा. टाइल नोव्हेंबरमध्ये सकाळच्या थंडीत बसवल्या आणि एका टोकाला मागच्या भिंतीस, दुसऱ्या टोकाला टाकीच्या चौथऱ्यास अगदी भिडवल्या. एप्रिलमध्ये पत्र्याखाली उष्णता वाढली आणि एके दुपारी पट्ट्याच्या मधोमध दोन ओळी तंबूसारख्या उचलल्या गेल्या. पीव्हीसी तापली की वाढते. 10 मीटर लांबीत 20 अंशांचा फरक पडला तर ही वाढ सुमारे 14 मिलिमीटर होते आणि तिला जायला जागा नसेल तर ती वर येते. दोन्ही टोकांच्या ओळी 10-10 मिलिमीटर कापल्यावर पट्टा पुन्हा सपाट झाला आणि यंदाच्या उन्हाळ्यात उचलला गेला नाही. टोकांना मोकळी जागा सोडावी, ही सूचना खोक्यावर छापलेली होती. खोका आम्ही फेकून दिला होता.

दुसरा दोष मालाचा. तापलेल्या चिप्स पडतात तेथे टाइलवर मसुरीएवढे काळे खड्डे पडतात आणि वेल्डिंगची ठिणगी तर आरपार जाण्याच्या बेतात असते. लेथच्या ऑपरेटरसमोर आम्ही म्हणूनच टाइल टाकल्या नाहीत, तेथे लाकडी फळ्यांची जुनी जाळीच बरी. हँड पॅलेट ट्रकची बारीक नायलॉन चाके टनभर वजनासह टाइलवर आली की दाती सुटतात, त्यामुळे ट्रकची वाट कोब्यावरूनच ठेवली आहे. रंगाचीही एक गंमत आहे. आम्ही फिकट राखाडी रंग घेतला, आणि गेल्या खंडेनवमीला पूजेत मिलिंगसमोर सांडलेल्या कुंकवाचा डाग रॉकेल, साबण, थिनर यांपैकी कशानेही गेला नाही. तो दर सकाळी झाडताना दिसतो आणि आता कोणी तो काढायच्या भानगडीतही पडत नाही. पुन्हा घ्यायच्या झाल्यास मी गडद रंग घेईन.

तिसरा दोष झाकलेला असतो, म्हणून तो मुद्दाम उघडून पाहावा लागतो. आठव्या महिन्यात ड्रिलजवळची एक टाइल उचलली, तर खाली कूलंट, बारीक चिप्स आणि धूळ यांचा काळा चिखल साचलेला होता आणि त्याला नासक्या ताकासारखा वास येत होता. टाइलच्या सांध्यांतून पाणी खाली जाते आणि वाळत नाही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ड्रिलकडच्या तीन ओळी काढून धुतो, त्यात दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. विकणाऱ्याने ‘देखभाल शून्य’ असे सांगितले होते, त्यातले शून्य बाजूला ठेवावे.

एका गोष्टीला यांपैकी काहीच उपयोगी पडले नाही, आणि ती म्हणजे दुसऱ्या लेथची लेव्हल. काळ्या मातीवरचा तळ पावसाळ्यात हलतो, त्याबरोबर लेथचे शेपूट हलते आणि लांब शाफ्टवर टेपर येतो, म्हणजे त्याची जाडी एका टोकाकडे कमी होत जाते. वरची फरशी कितीही महाग असली तरी ती यावर उपाय नव्हे. खरा उपाय म्हणजे यंत्राखाली स्वतंत्र, सळईचा पाया, आणि तो भाड्याच्या जागेत घालणे म्हणजे मालकाला दिलेली भेटच आहे. आम्ही लेथ जमिनीत पक्का न करता बोल्टने उंची कमी-जास्त करता येणाऱ्या लेव्हलिंग पॅडवर ठेवला. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा लेव्हल तपासतो. जागा सोडली तर पॅड लेथबरोबर निघून येतील.

कराबाबतही फरक पडतो. टाइल सुट्या वस्तू असल्याने त्यांवरील 5,985 रुपयांच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे आमच्या देय करातून वजावट, आम्हाला मिळाले. इपॉक्सी किंवा ट्रीमिक्सचा खर्च स्थावर मालमत्तेवरील भांडवली काम म्हणून दाखवला, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मुळे त्याचे क्रेडिट अडते. दरपत्रकांची तुलना करताना ही रक्कम धरावी आणि आपल्या लेखापालांना आधीच विचारावे, कारण खर्च दुरुस्ती म्हणून दाखवायचा की भांडवली म्हणून, यावर बरेच अवलंबून असते.

सगळा खर्च 73,191 रुपये झाला. त्यांपैकी जागेत राहणारा खर्च म्हणजे रसायन आणि भेगा मिळून 32,156 रुपये, आणि काकांनी वळते केलेले 4,750 रुपये वजा जाता तो 24 महिन्यांवर महिन्याला सुमारे 1,142 रुपये पडतो. टाइल आमच्या आहेत. जादा दहांपैकी चार वापरल्या गेल्या, सहा माळ्यावर आहेत, आणि दुकानात आता तोच रंग मिळत नाही, म्हणून जादा टाइल पहिल्याच खरेदीत घ्याव्यात. उभ्याने जुळणी, तपासणी किंवा पॅकिंग होते अशा पट्ट्यासाठी सात मिलिमीटरची टाइल मी कोणालाही घ्यायला सांगेन. लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या जागी घेऊ नये. भुगा सोडणाऱ्या कोब्यासाठी रसायन पुरेसे आहे आणि त्याला लागलेल्या पैशांविषयी मला तक्रार नाही. ओलीची चाचणी दाखवल्याशिवाय इपॉक्सीचे दरपत्रक देणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

मागच्या महिन्यात काका शेडवर आले होते. पट्ट्यावरून एक फेरी मारली, पायाने टाइल दाबून पाहिली आणि जागेला आता रूप आले आहे, पुढच्या कराराला भाड्याचे बघावे लागेल, असे म्हणाले. आम्ही टोकाची एक टाइल उचलून त्यांना खालचा त्यांचा कोबा दाखवला. तो पाहून ते हसले, पण भाड्याचा विषय काही त्यांनी मागे घेतला नाही. शटरच्या आत 12 फूट लांब आणि 10 फूट रुंद अशी माल उतरवण्याची जी जागा आहे, तेथील कोबा पॅलेट ट्रकने पार फुटला आहे. तेवढा भाग त्यांनी स्वतःच्या खर्चाने नव्या काँक्रीटचा करून द्यावा आणि तो झाला त्या महिन्यापासून वाढीव भाडे लागू व्हावे, असा कागद मी त्यांना दिला आहे. पाऊस संपल्यावर बघू, असे त्यांचे सध्याचे उत्तर आहे.